‘सिव्हिलायझेशन 6’ इतकं खिळवतं का, आणि शेवटी दमवतं का

इसवी सनापूर्वी 4000. पडद्यावर षटकोनी घरांचा पट आहे आणि त्यातला बहुतेक भाग अजून झाकलेला. तुमच्याकडे दोनच मोहरे आहेत. एक सेटलर, म्हणजे गाव वसवायला निघालेला जथा, आणि त्याच्या राखणीला सोटा घेतलेला एक लढवय्या. समोर नदी. अलीकडे सपाट माळ, पलीकडे टेकडी, आणि टेकडीच्या मागे डोंगररांगेचं टोक दिसतंय. गाव इथेच वसवायचं, की दोन चाली खर्चून पलीकडे जायचं?

मी या घराकडे बघत बसलो होतो तेव्हा माझी भाची मागून म्हणाली, “मामा, पाच मिनिटं झाली, स्क्रीनवर काहीच हललेलं नाही. तू नक्की खेळतोयस काय?” ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आमच्याकडे आली होती. तिचा प्रश्न रास्त होता. बाहेरून बघणाऱ्याला हा गेम म्हणजे नकाशाचा फोटो वाटतो. तिला समजावताना मी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय. हा गेम कधी न खेळलेल्यांना त्यात काय आहे ते कळावं, आणि सुरू करून वैतागून सोडून दिलेल्यांना तो वैताग कुठून येतो ते कळावं, एवढ्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकतो. या गेममधलं जे सगळ्यात सुंदर आहे, त्याच्याच पोटातून त्याचा सगळा जाच जन्माला येतो. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

आधी प्रकार समजून घेऊ. याला टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी म्हणतात. बुद्धिबळासारखी आळीपाळीनं चाल. तुमची चाल असेपर्यंत जग थांबलेलं असतं. मध्येच उठून चहा टाकून आलात तरी कोणी हल्ला करत नाही. नेहमीच्या वेगाचा पूर्ण डाव 500 चालींचा. सुरुवातीला एक चाल म्हणजे 40 वर्षं, शेवटाकडे एक चाल म्हणजे एक वर्ष, आणि डाव थेट इसवी सन 2050 पर्यंत जातो. या जातीच्या गेमसाठी इंग्रजीत ‘फोर एक्स’ असा शब्द 1993 मध्ये एका गेम-समीक्षकानं रूढ केला. प्रदेश शोधा, पसरा, साधनं वापरा, शत्रू संपवा, अशी ती चार कामं. मालिकेतला पहिला गेम 1991 चा, सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी केलेला. सहावा भाग फिरॅक्सिस या कंपनीनं ऑक्टोबर 2016 मध्ये आणला. त्याचे मुख्य रचनाकार एड बीच हे त्याआधी इतिहासावरचे बोर्ड गेम रचण्यासाठी ओळखले जात, आणि ते या गेममध्ये जागोजागी जाणवतं. 2018 आणि 2019 मध्ये त्याचे दोन मोठे विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या पुरवण्या, आले. पुढे जे आकडे देतोय ते हे दोन्ही विस्तार धरून.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आधीच्या भागांत शहर म्हणजे नकाशावरचं एक घर असायचं. ग्रंथालय, बाजार, देऊळ, कारखाना, काहीही बांधा, ते त्या एकाच घरात नाहीसं व्हायचं. शहरात काय आहे ते यादी उघडून वाचायचं. सहाव्या भागानं ते सगळं उचलून उघड्यावर मांडलं. विद्येसाठी कॅम्पस नावाचा भाग, पूजेसाठी होली साइट, व्यापारासाठी कमर्शियल हब, कारखान्यांसाठी इंडस्ट्रियल झोन. या भागांना डिस्ट्रिक्ट म्हणतात आणि प्रत्येकाला पटावर स्वतःचं घर लागतं. शहराच्या मध्यापासून तीन घरांपर्यंतचीच जमीन त्या शहराला वापरता येते, म्हणजे मधलं घर सोडून 36 घरं. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यातच शेती हवी, खाणी हव्यात, जंगल राखायचंय, काही घरांवर डोंगर आहे तर काहींवर समुद्र. शिवाय लोकसंख्या 1 असताना एकच मोठा भाग बांधता येतो, दुसऱ्यासाठी 4 लागते, तिसऱ्यासाठी 7. जागाही मोजकी आणि परवानगीही मोजकी.

भाचीला मी नदीपलीकडची ती टेकडी दाखवली आणि म्हटलं, हे एक घर बघ. याला तीन बाजूंनी डोंगर आहेत. कॅम्पसला शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक गुण मिळतो, आणि दर दोन घनदाट जंगलांमागे एक. इथे तीन डोंगर आणि दोन जंगलं, म्हणजे दर चालीला चार गुण. राजधानी सोडून एखाद्या शहराची लोकसंख्या चार असेल तर त्या माणसांकडून दर चालीला जेमतेम दोन गुण येतात. म्हणजे एका जागेच्या निवडीनं त्या शहराचं विज्ञान तिप्पट झालं. पुढे नॅचरल फिलॉसफी नावाचं धोरणपत्र हाती आलं की शेजारधर्माचे हे चार गुण दुप्पट होतात, आठ. तेच घर पुढच्या दोनशे चाली देत राहणार.

ती लगेच म्हणाली, “मग तिथे आत्ताच बांध ना.”

इथेच मजा आहे. तिथे बांधायचं तर शहर कुठे वसवायचं ते त्या घराकडे बघून ठरवावं लागतं. नदीला लागून वसवलं तर गोड्या पाण्यामुळे पाच माणसांची सोय होते, समुद्रकाठी तीन, कोरड्या जागी फक्त दोन. डोंगराच्या कुशीत शिरावं तर पाणी दूर जातं. पाणी दूर गेलं तर पुढे पाणी आणायला ॲक्विडक्ट बांधावा लागेल, आणि तो शहराला आणि पाण्याच्या स्रोताला दोन्हीकडून चिकटलेलाच हवा. मग त्याच्यासाठी एक घर आत्तापासून मोकळं ठेवा. पण ॲक्विडक्टच्या शेजारी इंडस्ट्रियल झोन आला तर त्याला दोन गुण जादा मिळतात, आणि नदीवर धरण बांधलं तर आणखी दोन. म्हणजे तो कोरडा तोटा पुढे फायद्यात बदलता येतो, जर शंभर चालींनंतरचे कारखाने आज डोळ्यांसमोर असतील तर.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण नवख्यांना तो कोणी सांगत नाही. तुम्ही जसजसं जास्त शिकत जाता तसतसे नवे डिस्ट्रिक्ट महाग होतात. पण एकदा जागेवर पाया घातला की त्याचा भाव तिथेच गोठतो. म्हणून जाणते खेळाडू परवानगी मिळाली की लगेच पाया घालून ठेवतात आणि बांधकाम सवडीनं पुरं करतात. ज्यांनी घराचं बांधकाम काढलंय त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

अभ्यासाची रचनाही जागेशी बांधलेली आहे. प्रत्येक शोधाला एक ‘युरेका’ जोडलेला असतो. दगडाची खाण उघडलीत की गवंडीकामाचा 40 टक्के अभ्यास आपोआप पुरा. समुद्रकाठी गाव वसवलंत की नौकानयनाचा. परक्या राज्याशी गाठ पडली की लेखनकलेचा. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यात इतिहासाबद्दलचं एक खरं निरीक्षण आहे. माणसं जिथे राहतात त्या जागेनं समोर ठेवलेल्या अडचणींतून शिकतात. वाळवंटात वाढलेलं राज्य आणि बेटांवरचं राज्य एकाच क्रमानं शहाणं होत नाही. दर डावात नकाशा वेगळा पडतो, म्हणून शिकण्याची वाटही वेगळी पडते.

2019 च्या विस्तारानं यात निसर्ग आणला. नद्यांना पूर येतात, शेतं आणि वस्ती वाहून जाते, पण गाळ मागे राहतो आणि ते घर आधीपेक्षा सुपीक होतं. ज्वालामुखीचंही तसंच. मग पूररेषेत शेती करायची की नाही, हा प्रश्न दर पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना पडतो तसाच पडतो. पुढे कोळसा जाळायला लागलात की हवेतला कार्बन वाढतो, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरची सखल घरं एकेक करून पाण्याखाली जातात. कोणती घरं आधी बुडणार ते नकाशावर दिसत असतं. मी एका डावात किनाऱ्यालगत एक सुंदर बंदरगाव वसवलं होतं, ज्याच्या सखल घरांकडे चार हजार वर्षं लक्षच दिलं नव्हतं. विसाव्या शतकात ती गेली. कोळसा माझ्याच कारखान्यांनी जाळला होता. पुस्तकात वाचलेली गोष्ट त्या दिवशी पोटात उतरली.

तर हे बळ झालं. एक घर निवडताना पाणी, डोंगर, भाव, शेजारी आणि येणारी शतकं, सगळं एकत्र तोलावं लागतं. आता याच गोष्टीची दुसरी बाजू.

एवढं गुंतागुंतीचं तोलणं माणसाला आवडतं. संगणकाला ते जमत नाही. या गेमबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे की समोरचा संगणक नीट खेळत नाही. लोक म्हणतात, कंपनीनं आळस केला. कारण त्याहून खोल आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

2010 मध्ये आलेल्या पाचव्या भागात एक मोठा बदल झाला होता, एका घरात एकच लढाऊ मोहरा. त्याआधी एका घरात कितीही फौज रचता यायची. वीस तुकड्यांची चळत उभी करून शत्रूच्या शहरावर नेऊन आदळायची. ते दिसायला कंटाळवाणं होतं, पण संगणकाला सोपं होतं. जास्त फौज बनव, एकत्र कर, पुढे ढकल. एका घरात एक मोहरा आल्यावर लढाई एकदम जिवंत झाली. भालेवाले पुढे, धनुर्धारी मागे, खिंडीत एकच तुकडी ठेवून अख्खी फौज अडवायची. माणसाला खेळायला किती छान! सहाव्या भागानं हा नियम जवळजवळ तसाच ठेवला.

आता हिशेब करू. समजा संगणकाकडे दहा तुकड्या आहेत. प्रत्येक तुकडी शेजारच्या सहा घरांपैकी एकात जाऊ शकते किंवा जागीच थांबू शकते. म्हणजे प्रत्येकीला सात पर्याय. दहा तुकड्यांचे मिळून एका चालीचे पर्याय होतात सातचा दहावा घात, म्हणजे 28,24,75,249. अठ्ठावीस कोटींच्या वर, आणि तेही एकाच चालीत, एकाच आघाडीवर. प्रत्यक्षात तुकड्या दोन-तीन घरं चालतात, बाण मारतात, कोण आधी हलतं त्यावर कोणाची वाट अडते ते ठरतं, त्यामुळे खरा आकडा याहून कितीतरी मोठा. बुद्धिबळात संगणकानं माणसाला हरवलं हे खरं, पण तिथे पट कायमचा 64 घरांचा आहे, दोन्ही बाजू उघड्या आहेत आणि नियम बदलत नाहीत. इथे पट दर वेळी नवा, निम्मा झाकलेला, आणि विस्तारांबरोबर नियमही बदलणारे. शिवाय सात-आठ प्रतिस्पर्ध्यांचा विचार संगणकानं काही सेकंदांत उरकायला हवा, कारण तुम्ही पुढच्या चालीसाठी ताटकळत बसलेले असता.

म्हणून होतं काय, की संगणकाचे धनुर्धारी तटबंदीपाशी येतात, एकमेकांच्या वाटेत उभे राहतात, निम्मे मरतात, उरलेले परत फिरतात. तटबंदी असलेलं शहर त्याला सहसा घेता येत नाही. तीच गत शहरांच्या मांडणीची. तीन डोंगरांच्या बेचक्यातलं ते सोन्यासारखं घर तो खुशाल शेतीत घालवतो आणि कॅम्पस माळावर बांधतो.

मग अवघड पातळी कशी करायची? इथे गेमनं जो मार्ग घेतला तो मला आजही खटकतो. आठ पातळ्यांपैकी सगळ्यात वरच्या डीटी पातळीवर संगणक हुशार होत नाही, त्याला फक्त आयतं मिळतं. तुम्ही एका सेटलरनं सुरुवात करता, तो तीन सेटलरनी. त्याच्या प्रत्येक तुकडीला लढाईत चार गुण जादा, उत्पादनात आणि पैशात भरघोस वाढ. त्यामुळे वरच्या पातळीवरचा डाव विचित्र होतो. पहिल्या साठ-सत्तर चाली तुम्ही पिचून जाता, कारण समोरचा तिप्पट वेगानं धावतोय. त्यातून तगलात, तर पुढे काहीच भीती उरत नाही, कारण विचार करून खेळणारे पटावर तुम्ही एकटेच असता.

आणि ते ‘पुढे’ फार लांब असतं. याला चक्रवाढ व्याज जबाबदार आहे. कॅम्पस आधी उभा राहिला की शोध आधी लागतात, शोधांमुळे खाणी आधी, खाणींमुळे पुढचा कॅम्पस आधी. दोन राज्यांमधलं सुरुवातीचं थोडकं अंतर शंभर चालींनी मोठं होतं आणि दोनशे चालींनी ओलांडता येणार नाही इतकं. म्हणजे डाव कोण जिंकणार ते बहुतेक वेळा मध्यावर कळलेलं असतं. पण जिंकल्याचं गेमनं मान्य करायला अजून दीडशे चाली बाकी असतात.

त्या दीडशे चालींत काय करायचं? सुरुवातीला एका चालीला एक निर्णय होता आणि तो मोलाचा होता. आता तुमची चौदा शहरं आहेत आणि प्रत्येक शहर विचारतंय, पुढे काय बांधू. व्यापारी मार्ग संपला की व्यापारी परत येऊन उभा राहतो, त्याला हातानं पुन्हा धाडायचं. बिल्डर म्हणजे मजूर ठरावीक कामं करून संपतात, मग नवे बनवा. शेजाऱ्याचे मिशनरी तुमच्या हद्दीतून झुंडीनं फिरत तुमच्या फौजेच्या वाटा अडवतात. शहराला कामांची रांग लावून देण्याची साधी सोयसुद्धा 2016 मध्ये नव्हती, ती 2019 मध्ये आली. पहिल्या पन्नास चाली तासाभरात होतात, शेवटच्या पन्नास चालींना अख्खा रविवार जातो. आणि त्या रविवारात विचार करावा असं जवळपास काही नसतं. नुसती हमाली.

मी स्वतः कितीतरी डाव असेच अर्ध्यावर मोडलेत. हरलो म्हणून नाही. जिंकलोय हे दिसत होतं आणि शेवटापर्यंत बसून राहण्यात राम उरला नव्हता म्हणून. हा माझा एकट्याचा अनुभव नाही. बहुतेक खेळाडू डाव पुरा करतच नाहीत, हे मालिका बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं.

जिंकायच्या वाटाही सारख्या स्पष्ट नाहीत. विज्ञानाची वाट सरळ आहे. उपग्रह सोडा, चंद्रावर उतरा, मंगळावर वस्ती करा, मग दूरच्या ग्रहाकडे यान धाडा. तलवारीची वाट तर सगळ्यांत सोपी सांगायला, प्रत्येकाची राजधानी घ्या. पण संस्कृतीची वाट भल्याभल्यांना चकवते. तिचा नियम असा. प्रत्येक राज्याचे काही देशांतर्गत पर्यटक असतात, म्हणजे स्वतःच्या संस्कृतीत रमलेली माणसं. त्या राज्यानं आजवर साठवलेल्या संस्कृतीच्या दर शंभर गुणांमागे एक. दुसरीकडे तुमची चित्रं, वास्तू, राष्ट्रीय उद्यानं बघायला बाहेरून येणारे पर्यटक. तुमच्याकडे येणाऱ्यांची संख्या इतर प्रत्येक राज्याच्या देशांतर्गत पर्यटकांपेक्षा जास्त झाली की तुम्ही जिंकलात. कल्पना सुरेख आहे. जगानं आपली गाणी सोडून तुमची गुणगुणायला लागणं म्हणजे विजय. अडचण अशी, की हे गेम कुठेच असं सरळ सांगत नाही. पर्यटनाचे आकडे एका पडद्यावर, संस्कृतीचे दुसऱ्यावर, खुल्या सीमांचा आणि व्यापारी मार्गांचा परिणाम तिसरीकडे. मी हा नियम कित्येक डाव खेळल्यावर, इतर खेळाडूंशी बोलून शिकलो. एवढा चांगला विचार आकड्यांच्या ढिगाखाली दडपून ठेवणं, हा खेळाडूवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

शेजारी राजांचे स्वभावही असेच. प्रत्येक राजाला इतिहासातून एक हट्ट दिलाय. चीनच्या सम्राट छिन शी हुआंगला तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त आश्चर्यं, म्हणजे पिरॅमिडसारख्या भव्य वास्तू, बांधलेली खपत नाहीत. नॉर्वेचा हाराल्ड मोठं आरमार असलेल्याचाच मान राखतो. आता तुमचं राज्य खंडाच्या मधोमध, समुद्र दहा कोस लांब, आणि हाराल्ड पुनःपुन्हा येऊन तुमच्याकडे आरमार नाही म्हणून हिणवतोय. राजांना स्वभाव देणं चांगलं होतं, पण समोरच्याचं राज्य कुठे आहे ते त्याला दिसत नाही, आणि तिथे माणूस संपून यंत्र उरतं.

इतिहासाबद्दल एक गंभीर आक्षेपही आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. या गेममध्ये प्रगती म्हणजे पसरणं. जमीन मोकळी दिसली की ती घ्यायची. शहरं नसलेली माणसं ‘बार्बेरियन’, म्हणजे रानटी, आणि दिसताक्षणी शत्रू. 2018 च्या विस्तारात कॅनडातल्या क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना घेतलं, तेव्हा त्यांच्याच समाजाच्या एका प्रतिनिधीनं जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्यांची भूमी जिंकून घेणं हे आमच्या पूर्वजांचं मूल्यच नव्हतं, असा त्याचा आशय. मला तो आक्षेप पटतो. नियमच विस्ताराचे असतील तर ते कोणत्याही समाजाच्या नावानं खेळा, तो समाज साम्राज्यवादी होऊनच बसतो. पुढे 2021 मध्ये रानटी टोळ्यांशी व्यवहार करता येईल आणि त्यांचीही नगरराज्यं होऊ शकतील असा एक पर्याय आला. तो मी नेहमी चालू ठेवतो.

आपल्याकडच्या वाचकांना भारताबद्दल उत्सुकता असणार. सहाव्या भागात भारताचे नेते म्हणून गांधीजी सुरुवातीपासून आहेत, चंद्रगुप्त मौर्य 2018 मध्ये आला. भारताची खास वास्तू म्हणजे बारव. ती धान्य देते, माणसांची सोय करते, शेताशेजारी आणखी उपयोगी पडते. पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात ज्यांनी जुन्या बारवा उतरून पाहिल्यात त्यांना ती पटावर दिसल्यावर जो आनंद होतो तो सांगायला नको. भारताच्या पार्श्वसंगीतात ‘वैष्णव जन तो’ची चाल आहे. पहिल्या युगात मोजक्या वाद्यांवर, आणि युगं सरतील तशी भरत जात शेवटी पूर्ण वाद्यवृंदावर. थोर व्यक्तींमध्ये राणी लक्ष्मीबाई सेनानी म्हणून भेटतात आणि जमशेटजी टाटा व्यापारी म्हणून. मराठा राज्य मात्र यात नाही. ते हवं असेल तर 2009 चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ बघा. त्यात 1700 पासून मराठ्यांकडून खेळता येतं, नकाशावरचा कारभार चालींनी आणि लढाया प्रत्यक्ष वेळात.

गांधीजी आणि अणुबॉम्बची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या भागात आकडेमोडीच्या चुकीनं गांधीजींचा आक्रमकपणा शून्याखाली जाऊन एकदम 255 वर पोचायचा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. सिड मायर यांनी 2020 मध्ये स्वतःच सांगितलं की अशी चूक कधी नव्हतीच. पाचव्या भागात मात्र ती गंमत मुद्दाम घालण्यात आली. मला ती कधीच आवडली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये सातवा भाग आला आणि त्यानं यातल्या बऱ्याच तक्रारींवर थेट उपाय केले. डाव तीन युगांत तोडला, म्हणजे चक्रवाढ दर युगाला थोडी पुसली जाते. मजूर काढून टाकले. सेनापतीच्या हाताखाली तुकड्या बांधून एकत्र नेता येतात, त्यामुळे वाटा अडण्याचा त्रास कमी झाला. पण तो आला तेव्हा युग बदललं की राज्यही बदलायचं, आणि सहा हजार वर्षं एकच राज्य सांभाळण्यातली जी आपुलकी होती ती तुटली. पुष्कळ जुने खेळाडू त्यावर नाराज झाले. मीही सहाव्यावरच परत आलो. मला ती चौदा शहरांची हमाली परवडते, पण माझं पहिलं गाव शेवटपर्यंत माझंच राहायला हवं.

नव्यानं सुरू करणार असाल तर नेहमीच्या आठ राज्यांच्या मोठ्या नकाशावर जाऊ नका. सगळे तिथेच चुकतात. ‘टायनी’ नकाशा घ्या, चार राज्यांचा. वेग ‘ऑनलाइन’ ठेवा, मग डाव 250 चालींत संपतो आणि हमालीला वेळच राहत नाही. पातळी मधली, प्रिन्स, जिथे संगणकालाही काही आयतं मिळत नाही आणि तुम्हालाही नाही. पहिल्या डावात जिंकायचं मनावर घेऊ नका, तीन शहरं वसवा आणि प्रत्येकाला एक चांगलं घर शोधून द्या.

आणि शक्य असेल तर समोर माणूस बसवा. गेममध्ये हॉटसीट नावाची सोय आहे. एकच संगणक, चाल झाली की खुर्ची सोडायची. भाचीबरोबर मी तसाच डाव मांडला. तिसाव्या चालीला मी माझा सेटलर घेऊन त्या डोंगराच्या बेचक्याकडे निघालो, तीन बाजूंनी डोंगर असलेल्या त्या घराकडे. खिंडीत पोचलो तर तिथे तिचा एक लढवय्या उभा. दुसऱ्याचा मोहरा उभा असलेल्या घरात शिरता येत नाही. तो हलल्याशिवाय मला पुढे जाता येईना, आणि आमच्यात युद्ध नव्हतं म्हणून हल्लाही करता येईना. मी खुर्ची सोडली. ती बसली, नकाशा सरकवला, आणि खिंडीपलीकडून तिचा सेटलर चार घरांवर येताना दिसला.

“मामा, तूच दाखवलं होतंस ते घर,” ती म्हणाली आणि चाल संपवायचं बटण दाबलं.